जमिनीत मुरलेल्या पेट्रोलचा माग कसा काढतात

जमिनीखाली पुरलेल्या पेट्रोलच्या टाकीतून, किंवा तिला जोडलेल्या नळीच्या एखाद्या सांध्यातून, दर सेकंदाला एक थेंब गळतो आहे असे समजू. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर. एवढी गळती कोणाच्या नजरेस येत नाही. टाकीतील साठ्याच्या रोजच्या हिशेबातही ती मोजमापाच्या चुकीत हरवून जाते. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर रोज सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाकाठी सुमारे १,५७५ लिटर पेट्रोल मातीत उतरते, आणि अशी वर्षे दहा-पंधरासुद्धा असू शकतात.

आता दुसरा हिशेब पाहू. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातील बेंझीन हा घटक माणसात कर्करोग निर्माण करतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. युरोपीय संघात पेट्रोलमधील बेंझीनची कमाल मर्यादा आकारमानाच्या एक टक्का आहे. तेवढे धरले, तर एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.८ ग्रॅम बेंझीन असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेले मूल्य दर लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधील सगळे बेंझीन पाण्यात उतरले, तर ते या मूल्याइतके विरळ होण्यासाठी सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी लागेल. प्रत्यक्षात सगळे बेंझीन पाण्यात जात नाही. काही बाष्प होऊन उडते, काही जिवाणू फस्त करतात. तरीही प्रश्न किती मोठा आहे हे या आकड्यावरून कळते, आणि इतक्या सूक्ष्म प्रमाणाचा शोध जमिनीवरच्या डागांवरून किंवा वासावरून का घेता येत नाही हेही कळते.

या शोधाला लागणारी प्रयोगशाळेतील यंत्रे आज इतकी संवेदनशील आहेत की ती एका लिटरमधील मायक्रोग्रॅमचा अंशही मोजतात. अवघड काम त्याआधीचे आहे. जमिनीत नमुना कोठे, किती खोलवर, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या पद्धतीने घ्यायचा, यावर अहवालातील आकडा ठरतो. चुकीच्या जागी घेतलेला स्वच्छ नमुना हा दूषित नमुन्यापेक्षा अधिक धोकादायक असतो असे माझे ठाम मत आहे, कारण त्याच्या भरवशावर लोक निश्चिंत होतात.

सांडलेले तेल जमिनीत काय करते

तपासाची प्रत्येक पायरी तेलाच्या वागण्यावर बेतलेली असते, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. गळालेले पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपते. वाटेत मातीच्या कणांमधील पोकळ्यांत त्याचा काही अंश अडकून राहतो. हा अडकलेला अंश पुढे वाहत नाही, पण पावसाचे पाणी त्यातून मुरताना दर वेळी थोडे थोडे विरघळवून खाली नेत राहते. वाटेत चिकणमातीचा थर लागला, तर तेल त्याच्यावर पसरते आणि त्या थराच्या उताराने आडवे सरकते. त्यामुळे टाकीच्या अगदी खाली काही न सापडता पंधरा मीटरवर ते सापडू शकते. जुन्या जलवाहिन्या आणि केबल यांच्यासाठी खणलेले चर सैल वाळूने भरलेले असतात, त्यांतूनही तेल नैसर्गिक मातीपेक्षा कितीतरी सहज धावते.

गळती पुरेशी मोठी असेल तर तेल भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते. पेट्रोलची घनता साधारण ०.७२ ते ०.७८ आणि डिझेलची ०.८२ ते ०.८६ असते, दोन्ही पाण्याहून हलकी असल्याने ती पाण्याच्या वर राहतात. मात्र भांड्यातील पाण्यावर तरंगणाऱ्या तवंगासारखे चित्र येथे डोळ्यांसमोर आणू नये. भूजलाच्या पातळीच्या लगेच वर केशाकर्षणाने, म्हणजे मातीतील बारीक पोकळ्यांनी पाणी वर ओढून धरल्याने, ओला राहिलेला एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात आणि त्याच्या थोडे खालीवर तेल, पाणी आणि हवा एकाच पोकळ्यांत शेजारी शेजारी राहतात. भूजलाची पातळी ऋतूनुसार वरखाली होते, तसे तेलही तिच्याबरोबर खाली उतरते आणि वर चढते, आणि प्रत्येक फेरीत मातीला माखत जाते. पातळी दोन मीटर हलत असेल तर दोन मीटर जाडीचा थर माखला जातो. पाणी वाढल्यावर त्यातील बरेचसे तेल पाण्याखाली कोंडले जाते आणि तेथे ते वर्षानुवर्षे राहू शकते.

म्हणजे एकच पदार्थ जमिनीत चार रूपांत सापडतो: मोकळे वाहू शकणारे तेल, पोकळ्यांत अडकलेले तेल, पाण्यात विरघळलेले घटक, आणि मातीतील हवेत मिसळलेले बाष्प. या चारही रूपांसाठी तपासाची वेगवेगळी साधने लागतात. फक्त पाणी तपासणारा तपास तीन रूपांकडे पाठ फिरवतो.

विरघळण्याच्या बाबतीत सगळे घटक सारखे नसतात. बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन आणि झायलीन हे चार पाण्यात तुलनेने सहज उतरतात आणि त्यांचा नेहमी एकत्र शोध घेतला जातो. शुद्ध बेंझीन एका लिटर पाण्यात सुमारे १.८ ग्रॅम विरघळते. मिश्रणात असताना ते साधारण आपल्या वाट्याच्या प्रमाणात उतरते. पेट्रोलमध्ये ते एक टक्का असेल, तर त्या पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात लिटरमागे १८ मिलिग्रॅमच्या आसपास बेंझीन येऊ शकते, आणि हा आकडा वर सांगितलेल्या मूल्याच्या १,८०० पट आहे. डिझेल आणि वंगणतेलातील जड घटक याउलट पाण्यात जवळजवळ उतरतच नाहीत. ते मातीला चिकटून बसतात. म्हणून डिझेलच्या गळतीत माती अधिक बोलते आणि पेट्रोलच्या गळतीत पाणी व बाष्प.

खोदण्यापूर्वीचे काम

पहिला टप्पा कागदपत्रांचा असतो. जागेवर टाक्या कधी पुरल्या, कोणत्या धातूच्या होत्या, त्या कधी बदलल्या, नळ्या कोठून कोठे गेल्या होत्या, आवक-जावकीच्या नोंदींत तूट दिसते का, पूर्वी तेथे गॅरेज किंवा कारखाना होता का, हे सगळे जुने नकाशे, हवाई छायाचित्रे, परवाने आणि तेथे काम केलेल्या माणसांशी बोलून शोधले जाते. निवृत्त झालेला पंपचालक किंवा मिस्त्री एका वाक्यात जी माहिती देतो, ती कधीकधी दहा विंधन छिद्रे घेऊनही मिळत नाही, म्हणून या संभाषणांना घाई करू नये. टाकी भरताना तोंडापाशी झालेली सांडलवंड, नळीचे सांधे आणि पंपाच्या खालचा खड्डा या गळतीच्या नेहमीच्या जागा असतात. टाकीचे पोट फुटणे हा त्यांतील फक्त एक प्रकार आहे.

पेट्रोल कोणत्या काळातले आहे हेही विचारावे लागते. शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते त्या काळातील गळती असेल तर शिशाची संयुगे, आणि इंजिनात शिसे साचू नये म्हणून त्याबरोबर मिसळली जाणारी इथिलीन डायब्रोमाइडसारखी संयुगेही तपासावी लागतात. काही देशांत पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचे मिश्रक वापरले गेले. ते बेंझीनच्या वीसपटींहून अधिक विद्राव्य असते, मातीला जवळजवळ चिकटत नाही आणि जिवाणूंनाही सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे ते भूजलाबरोबर सर्वांच्या पुढे धावते. अमेरिकेतील सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये या एका पदार्थामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराच्या पाणीपुरवठ्याचा जवळपास निम्मा भाग हातचा गेला. जो पदार्थ यादीत नाही तो प्रयोगशाळा शोधत नाही; यादी तयार होते ती याच कागदी टप्प्यात.

या माहितीवरून जागेचे एक संकल्पनाचित्र उभे केले जाते. त्यात तीन गोष्टींची सांगड असते: दूषणाचा स्रोत कोठे आहे, ते कोणत्या वाटेने सरकू शकते, आणि त्या वाटेच्या शेवटी कोण आहे. शेवटी असणारी गोष्ट पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, घराचे तळघर असेल, ओढा असेल किंवा उद्या तेथे खोदकाम करणारा मजूर असेल. स्रोत, वाट आणि झळ पोहोचणारा यांपैकी एक दुवा तुटला तर धोका उरत नाही. पुढचा सगळा तपास हे चित्र खरे की खोटे हे पडताळण्यासाठी असतो, आणि नवी माहिती आली की चित्र बदलायचे असते. ज्या अहवालात पहिल्या दिवशीचे चित्र शेवटच्या पानापर्यंत तसेच राहते, तो अहवाल मी दुसऱ्यांदा वाचतो.

येथेच एक सावधगिरी सांगायला हवी. तळघरात, गटारात किंवा विहिरीच्या तोंडाशी पेट्रोलचा वास येत असेल, तर तपासाच्या क्रमाची वाट पाहायची नसते. पेट्रोलचे बाष्प हवेत साधारण १.४ टक्के झाले की ठिणगीने पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने ते खोलगट जागी साठते. अशा वेळी माणसांना बाहेर काढणे, विजेची बटणे न दाबणे आणि अग्निशमन दलाला बोलावणे हे पहिले काम आहे.

माती उघडून पाहणे

विंधन घेण्यापूर्वी जमिनीखालील विजेच्या तारा, गॅस आणि इंधनाच्या नळ्या यांचा शोध घेतला जातो, आणि पहिला मीटर-दीड मीटर हातानेच खणला जातो. त्यानंतर हाताने फिरवायचा गिरमिट, पोकळ दांड्याचा मोठा गिरमिट, किंवा प्लॅस्टिकची नळी बसवलेली पहार यंत्राने जमिनीत दाबण्याची पद्धत वापरतात. शेवटच्या पद्धतीत मातीचा अखंड गाभा पारदर्शक नळीत वर येतो, आणि थर जसेच्या तसे दिसत असल्याने जेथे कठीण खडक नाही तेथे मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. भेगाळलेल्या खडकात गोष्ट वेगळी होते. तेथे तेल भेगांच्या जाळ्यातून जाते आणि दोन विंधनांमध्ये काय आहे याचा अंदाज बांधणे फार जोखमीचे असते.

वर आलेला गाभा उघडला की भूवैज्ञानिक प्रत्येक थराची नोंद करतो: कण किती बारीक, रंग कोणता, ओलावा किती, डाग आहेत का. तपकिरी मातीत मध्येच राखाडी किंवा हिरवट पट्टा दिसला, तर तेथील प्राणवायू संपला आहे अशी शंका येते, आणि तेल त्यामागचे एक कारण असू शकते. माती मुद्दाम हुंगून पाहण्याची जुनी सवय मात्र आता सोडायलाच हवी, कारण ज्याचा शोध चालला आहे तेच बेंझीन त्यातून श्वासात जाते.

नाकाऐवजी प्रकाश-आयनीकरण मापक हे हातात धरायचे यंत्र वापरतात. मातीचा थोडा भाग पिशवीत अर्धवट भरून तोंड बंद करतात, ढेकळे फोडतात, दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवतात आणि मग पिशवीत साठलेल्या हवेत यंत्राची नळी खुपसतात. यंत्रातील अतिनील दिव्याची ऊर्जा सहसा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. बेंझीनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला ९.२४ पुरतात, म्हणून बेंझीन यंत्राला दिसते, मिथेनला १२.६ लागतात, म्हणून ते दिसत नाही. यंत्र पदार्थाचे नाव सांगत नाही, दमट हवेत त्याचे वाचन घसरते, आणि डिझेल किंवा वंगणतेल फारसे उडत नसल्याने त्यांच्याबाबत ते बरेचसे आंधळे असते. त्याचे खरे काम एवढेच की कोणत्या खोलीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा हे ठरवायला मदत करणे. सहसा सर्वाधिक वाचनाचा एक नमुना, भूजलाच्या पातळीलगतचा एक आणि दूषण संपले असे वाटते तेथील एक, असे नमुने प्रत्येक विंधनातून निवडले जातात. तिसरा नमुना पैसे वाचवण्यासाठी सर्वांत आधी गाळला जातो, आणि दूषण किती खोलवर थांबले याचे उत्तर मात्र तोच देतो.

मातीचा नमुना घेताना वेळ हा शत्रू असतो. गाभा उघडल्या क्षणापासून बेंझीन उडू लागते. माती बरणीत चमच्याने भरून, कालवून, सारखी करून घेतली तर प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते ते बरेचसे रिकामे झालेले माप असते. म्हणून टोक कापलेल्या छोट्या पिचकारीसारख्या साधनाने गाभ्याच्या ताज्या भागातून सुमारे पाच ग्रॅम माती काढतात आणि ती लगेच आधीच वजन करून ठेवलेल्या कुपीतील मिथेनॉलमध्ये सोडतात. मिथेनॉल हायड्रोकार्बनांना विरघळवून धरून ठेवते आणि जिवाणूंनाही थांबवते. अनेक विंधनांतील माती एकत्र करून एकच सरासरी नमुना बनवण्याची पद्धत उडून जाणाऱ्या घटकांसाठी कधीच वापरू नये.

निरीक्षण विहीर

भूजलासाठी बांधली जाणारी निरीक्षण विहीर म्हणजे बहुधा ५ सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी असते. तिच्या खालच्या भागाला बारीक चिरा असतात, त्याभोवती धुतलेली वाळू भरतात, वर बेंटोनाइट चिकणमातीचे बूच आणि त्यावर सिमेंट. नळीचे तुकडे आट्यांनी जोडतात. सांध्याला चिकटद्रव लावला तर त्यातील द्रावके पुढे महिनोन्महिने नमुन्यात उतरत राहतात.

या सगळ्यात एक निर्णय असा आहे की तो चुकला तर बाकीची काळजी वाया जाते. पेट्रोल पाण्याच्या वर राहते, म्हणून चिरांचा भाग भूजलाच्या पातळीच्या वरपासून खालपर्यंत पसरलेला असावा लागतो, आणि पातळी वर्षभरात जितकी हलते तितकी सगळी उंची त्यात बसावी लागते. चिरा पातळीच्या चार मीटर खाली सुरू झाल्या, तर तरंगते तेल विहिरीत येऊच शकत नाही. अशा विहिरीतून स्वच्छ पाणी निघते, अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले जाते, आणि त्याच वेळी नळीच्या बाहेर, हातभर अंतरावर तेलाचा थर असू शकतो. म्हणून कोणताही अहवाल हाती आला की मी निष्कर्षाच्या आधी विहिरीचा उभा छेद आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

विहीर बांधून झाली की गाळ उपसून ती मोकळी केली जाते आणि काही दिवस शांत ठेवली जाते. मग तेल आणि पाणी यांची सीमा ओळखणाऱ्या फितीने मोजणी करतात. येथे दोन फसगती संभवतात. विहिरीत केशाकर्षण नसल्याने आजूबाजूचे तेल नळीत साठते. बारीक मातीत विहिरीतील तेलाची जाडी बाहेरच्या प्रत्यक्ष साठ्याच्या कित्येक पट दिसू शकते. दुसरी फसगत उलट दिशेची आहे. पाण्याची पातळी वाढली की तेल पाण्याखाली कोंडले जाते आणि विहिरीतील जाडी घटते किंवा शून्यावर येते. पावसाळ्यानंतर नाहीसे झालेले तेल कोरड्या महिन्यांत पुन्हा विहिरीत दिसते ते यामुळे. एका मोजणीवर तेल संपले असे जाहीर करणे म्हणजे ऋतूला स्वच्छतेचे श्रेय देणे होय.

तेलाचा थर असलेल्या विहिरीत पाण्याची पातळीही दुरुस्त करून घ्यावी लागते, कारण तेलाचे वजन पाण्याला खाली दाबते. थर ५० सेंटिमीटर आणि घनता ०.७५ असेल तर मोजलेल्या पाण्याच्या पातळीत ३७.५ सेंटिमीटर मिळवावे लागतात. ही दुरुस्ती विसरली तर भूजल नकाशावर चक्क उलट्या दिशेने वाहताना दिसू शकते.

पाणी कोणीकडे आणि किती वेगाने

दिशा ठरवायला निदान तीन विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत असून चालत नाही. प्रत्येक विहिरीच्या तोंडाची उंची सर्वेक्षकाकडून मिलिमीटरपर्यंत मोजून घेतात, तिच्यातून पाण्यापर्यंतची खोली वजा करतात, आणि तीन बिंदूंवरून पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार काढतात. जवळच्या उपसा विहिरीचा पंप सुरू झाला की हा उतार बदलतो, म्हणून तिन्ही मोजण्या एकाच दिवशी, शक्यतो तासाभरात घ्याव्या लागतात. जमिनीचा उतार पाहून भूजलाची दिशा गृहीत धरणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. दोन्ही दिशा अनेकदा जुळतात, पण जेथे जुळत नाहीत तेथे सगळ्या विहिरी भलत्याच बाजूला खणल्या जातात.

वेगाचा हिशेब ज्या नियमावर चालतो तो आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात त्याने वाळूच्या थरातून पाणी सोडून मोजमापे केली होती. वाळूची पारगम्यता, म्हणजे तिच्यातून पाणी जाऊ देण्याची क्षमता, दिवसाला ५ मीटर, पातळीचा उतार दर हजार मीटरला ४ मीटर आणि पोकळ्यांचे प्रमाण २५ टक्के असे धरले, तर ५ गुणिले ०.००४ भागिले ०.२५, म्हणजे दिवसाला ०.०८ मीटर, वर्षाला सुमारे २९ मीटर. चिकणमातीत हाच वेग हजारो पटींनी कमी होतो. गळती दहा वर्षांपूर्वीची असेल तर पाणी २९० मीटर गेले असणार, आणि म्हणून पहिला प्रश्न पडतो की बेंझीनही तेवढेच गेले असेल का.

सहसा जात नाही. काही बेंझीन मातीतील सेंद्रिय भागाला चिकटत चिकटत जाते, आणि बरेचसे जिवाणू वाटेतच खाऊन टाकतात. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील गळक्या इंधन टाक्यांच्या २७१ जागांची माहिती तपासली, तेव्हा बहुतेक ठिकाणी बेंझीनचा विरघळलेला पट्टा सुमारे ७५ मीटरांच्या आत थांबलेला आढळला. याचे सर्वांत बारकाईने झालेले निरीक्षण मिनेसोटा राज्यातील बेमिजीजवळचे आहे. तेथे २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची वाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले, आणि साफसफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर जमिनीतच राहिले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८३ पासून ती जागा उघडी प्रयोगशाळा मानून अभ्यासली आहे.

जिवाणूंचे हे काम पाण्यात खुणा सोडते. ते आधी पाण्यातील प्राणवायू वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मातीतील मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि सर्वांत शेवटी मिथेन तयार होते. म्हणून तपासात बेंझीनबरोबर ही साधी रसायनेही मोजतात. दूषित विहिरीत प्राणवायू आणि सल्फेट घटलेले, आणि विरघळलेले लोह व मिथेन वाढलेले दिसले, तर नैसर्गिक विघटन चालू असल्याचा तो स्वतंत्र पुरावा असतो. पण निसर्ग आपोआप सगळे निस्तरतो असा अर्थ यातून काढू नये. लोहाची ऑक्साइडे विरघळताना त्यांना चिकटलेले आर्सेनिकही पाण्यात सुटते, आणि बेमिजी येथे नेमके तसे झाल्याचे दिसून आले आहे. शिवाय एमटीबीईसारख्या मिश्रकाला ७५ मीटरांचा दिलासा लागू होत नाही.

पाण्याचा नमुना

विहिरीत उभे राहिलेले पाणी शिळे असते, म्हणून नमुन्यापूर्वी ते काढावे लागते. दोरीला बांधलेले नळकांडे जोरात खाली-वर केले तर गाळ ढवळतो, हवा मिसळते आणि बाष्पशील घटक उडतात. त्याऐवजी मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथ गतीने पंप चालवतात आणि विहिरीतील पातळी फारशी खाली जाऊ देत नाहीत. आम्लता, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू ही वाचने सलग तीनदा स्थिर आली, म्हणजे जलधरातील (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरातील) ताजे पाणी येऊ लागले असे मानून कुप्या भरतात. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ती काठोकाठ भरतात, झाकण लावून उलटी करतात, आणि आत बुडबुडा दिसला तर ती बाद करून नव्याने भरतात, कारण त्या बुडबुड्यात बेंझीन निघून जाते. मग कुप्या बर्फात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून प्रयोगशाळेकडे निघतात. आम्ल घातलेल्या नमुन्याची तपासणी साधारण १४ दिवसांत व्हायला हवी.

बाहेरून दूषण शिरण्याच्या वाटाही पुष्कळ असतात. वाटेत गाडीत पेट्रोल भरलेले हात, वाऱ्याच्या बाजूला चालणारे जनित्र, विंधन यंत्राचे ग्रीस, आणि कुपीवर नाव लिहिणाऱ्या जाड पेनच्या शाईतील द्रावकेही नमुन्यात येऊ शकतात. म्हणून शुद्ध पाण्याने भरलेली एक बंद कुपी प्रयोगशाळेतून निघून सगळा प्रवास करून न उघडता परत जाते. धुतलेल्या साधनावरून ओतलेल्या शुद्ध पाण्याचा एक नमुना वेगळा जातो, आणि एका विहिरीचा जोडनमुना दुसऱ्या नावाने पाठवतात. शुद्ध पाण्याच्या कुपीत टोल्युईन निघाले, तर बाकीच्या कुप्यांतील टोल्युईनवर विश्वास ठेवता येत नाही.

बाष्पाचा तपास अनेकदा राहून जातो. मातीत रोवलेल्या बारीक नळीतून, किंवा घराच्या फरशीला पाडलेल्या छोट्या छिद्रातून हवा काढून तिच्यातील बेंझीन, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजतात. मातीत प्राणवायू पुरेसा असेल तर पेट्रोलचे बाष्प मीटर-दोन मीटरच्या प्रवासातच नष्ट होते. तेल फरशीच्या अगदी खाली आले असेल किंवा मोठ्या काँक्रीटखाली हवा पोहोचत नसेल, तर मात्र ते घरात शिरू शकते.

अहवाल वाचताना

प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र घटकांना एकेक करून वेगळे करते आणि शिखरांचा आलेख देते. हा आलेख जरूर मागून घ्यावा. ताज्या पेट्रोलची शिखरे आलेखाच्या सुरुवातीला दाटतात, डिझेलची मध्यावर कुंपणाच्या खुंटांसारखी समान अंतराने उभी राहतात, वंगणतेलाचा शेवटी बुटका फुगवटा येतो. जुन्या डिझेलमध्ये जिवाणूंनी सरळ साखळीचे रेणू आधी खाल्लेले असतात, त्यामुळे खुंट झिजतात. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन हा एकच आकडा हे काहीच सांगत नाही. किलोला ५०० मिलिग्रॅम ताजे पेट्रोल आणि तितकेच जुने वंगणतेल यांचा धोका अगदी भिन्न असतो, आणि कुजलेल्या पानांच्या काळ्या मातीतील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यही त्या आकड्यात मिसळू शकते. म्हणून हा आकडा कार्बनसंख्येच्या, म्हणजे रेणूत किती कार्बन अणू आहेत त्याप्रमाणे केलेल्या, गटांत विभागून मागावा, आणि तुलनेचे मूल्य जागेच्या वापराप्रमाणे निवडावे. शाळेच्या मैदानाला गोदामाचे मूल्य लावता येत नाही.

‘आढळले नाही’ या शब्दांशेजारी शोधमर्यादा, म्हणजे ज्याहून कमी प्रमाण त्या तपासणीत ओळखता येत नाही तो आकडा, लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. यंत्राची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम असेल आणि आपला प्रश्न १० मायक्रोग्रॅमचा असेल, तर त्या शब्दांतून काहीच कळत नाही. फार दूषित नमुना विरळ करून तपासला की मर्यादा अशी वर जाते, आणि मग टोल्युईनचा प्रचंड आकडा आणि बेंझीन ‘आढळले नाही’ अशी विसंगत जोडी अहवालात दिसते. अशा वेळी कमी विरळ करून पुन्हा तपासणी मागण्याचा अधिकार काम देणाऱ्याला असतो, आणि तो वापरावा.

पहिल्या फेरीत सीमा क्वचितच सापडते. शेवटच्या दूषित विंधनापलीकडे चारही बाजूंना आणि खाली स्वच्छ नमुना मिळेपर्यंत छिद्रे वाढवत जातात, आणि निदान एक पूर्ण वर्ष, पाण्याची उच्चतम आणि नीचतम पातळी दोन्ही पकडतील अशा बेताने विहिरी पुन्हा पुन्हा तपासतात. तपास संपल्यावर ज्या विहिरींची गरज उरत नाही त्या तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट आणि सिमेंटच्या मिश्रणाने बुजवाव्या लागतात. झाकण लावून विसरलेली विहीर वरच्या तेलाला खालच्या स्वच्छ पाण्यापर्यंत सरळ वाट देते, आणि बुजवल्याची तारीख, खोली व वापरलेले मिश्रण यांची नोंद नसेल तर पुढच्या तपासनीसाला ती विहीर नकाशावर शोधायलाही मिळत नाही.